लाल द्रावण निळं पडलं तेव्हा

भोरच्या आमच्या कॉलेजात सोन्याचे नॅनोकण तयार करायचे म्हणजे डोक्याला ताप. कण बारीक आणि सुटे राहिले तर द्रावण कोकम सरबतासारखं लाल दिसतं. एकमेकांना चिकटले की जांभळं, मग निळं. हा रंग कसा बदलतो, हाच माझ्या संशोधनाचा विषय. पण तो आपण ठरवून बदलायचा असतो. गेला महिनाभर तो स्वतःच्या मर्जीने बदलत होता!

माझी संशोधक विद्यार्थिनी विंझरहून दोन एसट्या बदलून यायची. काचेची भांडी घासून घासून बिचारीचे हात सोलवटले. सोमवारी द्रावण लाल, मंगळवारी निळं. "सर, डिस्टिल्ड पाण्यातच काहीतरी असेल," ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी खेकसलो, "पाणी इतकी वर्षं तेच आहे. तुझ्याच हाताला शिस्त नाही." तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण संतापाच्या भरात मी विद्यापीठाला पत्र लिहून कळवलं, की हिला संशोधन झेपत नाही, नोंदणी रद्द करावी. ती यायची बंद झाली.

मग मी स्वतः करायला बसलो. चार दिवस केलं, आणि शेवटचे तिन्ही दिवस द्रावण निळं. चिडचिड नुसती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विसरलेला चष्मा घ्यायला परत आलो. प्रयोगशाळेचे मामा डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये नळाचं पाणी ओतत होते. मामा उत्रोलीचे, महिन्यापूर्वीच ऑफिसातून इकडे बदलून आलेले.

"मामा, हे काय चाललंय?"

"सर, दिवेलागणीला भांडं रितं ठिवू न्हाई. तळाला लई थोडं ऱ्हायलं व्हतं."

"रोज भरता?"

"व्हय तर! रितं दिसलं की भरतो, न चुकता."

नळाच्या पाण्यातले क्षार कणांना एकमेकांना चिकटवतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. मामांवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं? मीही नाही.

तिथूनच तिला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली, उद्याच पत्र मागे घेतो म्हणालो. मला खरोखर लाज वाटत होती.

"सर, मी दोनदा सांगितलं होतं."

"हो."

ती म्हणाली, "घरी मी सांगून टाकलंय, की मला जमत नाही. तुम्ही म्हणालात, म्हणून मलाही ते खरं वाटलं."