तीन रिकामे रकाने

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती गेली त्याला आता चार वर्षं झाली, म्हणजे तीही सोय उरली नाही. नाशिक रोडच्या या दोन खोल्यांत संध्याकाळी सोबतीला रेडिओ आहे, पण तो फक्त स्वतःचंच सांगतो. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

मी एका संशोधन केंद्रात कारकून होतो. डोंगराकडच्या विहिरींचं पाणी दिवाळीपासून मृगापर्यंत रोज किती उतरतं, याचा तिथे अभ्यास चालायचा. गावोगाव एकेक माणूस नेमलेला. त्याने रोज सकाळी कठड्यावरच्या खुणेपासून वजन बांधलेली टेप आत सोडायची आणि माप वहीत लिहायचं. हंगाम संपला की वह्या माझ्याकडे. मी आकडे शाईने रजिस्टरात उतरवायचे आणि मूळ वह्या नंबर टाकून कपाटात कुलपाखाली ठेवायच्या. साहेब म्हणायचे, रजिस्टर ही सांगोवांगी, खरी साक्ष वहीची. मला त्या मळक्या वह्यांचं एवढं कौतुक कशाला, तेच कळत नसे. अक्षर माझं चांगलं होतं ना — मग आणखी काय हवं?

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा सोनू त्या वर्षी स्वतःच वही घेऊन आला. दिवाळीनंतर अख्खा पाडा मजुरीला खाली उतरायचा, हा मात्र मापासाठी मागे राहायचा. वही हातात देताना त्याने एक पान उघडून दाखवलं. तीन दिवसांपुढे नुसती रेघ, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं — पोर गेली, माप नाही. आपण कामचुकार आहोत असं साहेबांना वाटू नये, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी मान हलवली. पोरीचं नावसुद्धा विचारलं नाही.

वह्यांचा गठ्ठा मी कपाटात ठेवला नाही. किल्ली साहेबांकडे, आणि किल्ली मागायला गेलं की मागच्या कामाची चौकशी. काम तर ढीगभर तुंबलेलं. मग भिंतीलगत जमिनीवरच ठेवला गठ्ठा, सवडीने बघू म्हणून. पावसाळा सरल्यावर सोडला. सगळ्यात खाली सोनूची वही. वरचा पुठ्ठा शाबूत होता, आत वाळवीने नुसती माती केली होती.

मग मी काय केलं? पाणी रोज थोडं थोडं उतरतं, त्यात काय मोठं? मागच्या वर्षीचे आकडे समोर ठेवले आणि दोन दिवसांत त्याचा अख्खा हंगाम लिहून काढला. ते तीन दिवस — आठवत होते हो मला, चांगले आठवत होते. पण रकाने रिकामे दिसले तर साहेब मूळ वही मागतील. म्हणून तेही भरले.

झालं भलतंच. साहेबांनी नेमकं त्या भरलेपणावरच बोट ठेवलं. बाकी गावांत कुठे ताप, कुठे लग्न, कुठे टेप तुटली म्हणून दिवस चुकलेले. याचा एकही कसा चुकत नाही? हा घरी बसून लिहितो, असं त्यांचं मत झालं. सोनूला बोलावणं गेलं. वणीला एसटी बदलून तो आला. समोर ठेवलेल्या रजिस्टराची पानं उलटत त्या तीन तारखांवर थांबला.

“साहेब, हे तीन दिवस मी लिवले नाय. माझी पोर गेलती तवा.”

साहेब माझ्याकडे वळले. मूळ वही कुठे आहे?

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं — एक मेमो? फार तर बदली? मी म्हणालो, “उतरवून झाल्यावर यानेच मागून नेली.” आवाजही कापला नाही.

सोनू रागाने बघेल असं वाटलं होतं. पण तो गोंधळला होता. लिहिणारा भाऊसाहेब खोटं बोलेल, हे त्याच्या मनातच आलं नाही. “नेली आसंल,” तो म्हणाला. “तवा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

त्याला काढलं. त्याच्या विहिरीचे चारही हंगाम अहवालातून गाळले, आधीचे खरे तीनसुद्धा. शेरा साहेबांनी सांगितला, लिहिला मी — निरीक्षक विश्वासार्ह नाही. लाज वाटली का? त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. लाज सावकाश आली आणि मग गेलीच नाही. डबा खायला मी एकटाच बसू लागलो. कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटायचं.

महिन्याभराने माझ्या नावाने पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीचं, त्याच अक्षरातलं. सगळं घर हुडकलं, नागलीची कणगीसुद्धा उपसली, वही सापडत नाही. पोरीचं तेवढंच कुठं लिवलेलं होतं. सरकारी वही माझ्याकडून हरवली, भाऊसाहेब, माफी असावी.

मी त्या कार्डाला उत्तर पाठवलं नाही.