जिभेचा उपास

कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात मला आइसलँड सापडला आणि मी अक्षरशः वेडी झाले. मूठभर लोकांचा देश, पण परका शब्द दारात आला की आधी घरातलेच जुने शब्द धुंडाळतात म्हणे! टेलिफोनसाठी त्यांनी दोऱ्याचा एक विसरलेला शब्द उकरून काढला. संगणकासाठी 'आकडा' आणि 'भविष्य सांगणारी बाई' हे दोन शब्द जोडले. जर्मन, डॅनिश खुशाल इंग्रजी उचलत होते, आइसलँडची तरणी पोरंही चोरून उचलतच होती, तरी ही मंडळी हटत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. ठरलं! सांगलीला जाऊन मराठीत एम.ए. करायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनवर आले होते आणि कडेगावजवळ आमचा ऊस बघत होते. त्यांच्या बोलण्यात निम्मं इंग्रजी.

"मराठी तर येतीयाच की तुला. त्यात आनि काय शिकायचं?"

मी आइसलँड सांगितला. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"असं? मग उद्या उजाडल्यापास्नं दिवं लागंस्तवर एकबी इंग्रजी शब्द बोलायचा न्हाई. जमलं तर सांगली. न्हाई जमलं तर म्याटर क्लोज."

मी लगेच हो म्हटलं. काय तो दिवस! टॉवेलचा पंचा केला, कपाचा पेला. स्टोव्ह म्हणावं लागू नये म्हणून चूल पेटवली आणि घरभर धूर केला. आई वैतागली. "एकादशीला तरी साबुदाना असतोय. ह्यो जिभेचा उपास कुनी सांगितला गं?" मला मात्र लय मजा येत होती. अण्णा मुद्दाम विचारायचे, "सायकल कुटं हाय?" मी म्हणायची, "तुमची दुचाकी गोठ्यात." दुपार टळली तरी मी चुकले नव्हते. सांगली मला दिसायला लागली होती.

संध्याकाळी चहा घेऊन मळ्यात गेले. विहिरीवरची मोटर अचानक बंद पडलेली. काय झालं ते बघायला अण्णा अनवाणीच पाटाकडे निघाले होते, मान वर, नजर खांबाकडे. खांबावरची तार तुटून पाटाच्या पाण्यात पडली होती. ती मला दिसली, त्यांना नाही. त्यांचा पाय पाण्यावर उचललेला होता.

"अण्णा, करंट!"

पाय तिथंच थांबला. ते मागे सरकले, लांबून फिरून गेले, ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज काढला आणि बांधावर येऊन बसले. मी चहा दिला.

"हरलीस, गड्या," ते म्हणाले. गड्या ते फक्त फौजेतल्या दोस्तांना म्हणत.

"व्हय," म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. सांगली गेली म्हणून की अण्णा राहिले म्हणून, तेव्हा कळलं नाही.

आठवड्यानं आम्ही दोघं सांगलीच्या एसटीत होतो. त्यांची फौजेतली काळी ट्रंक आमच्या पायांशी, आत माझे कपडे. तासगाव मागे पडलं. मग ट्रंकेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आइसलँडात हिला काय म्हंत्यात गं?"

"ठाऊक न्हाई, अण्णा."

"मग शिकून सांग."