लहान पुली आणि अकलूजची फेरी

बावन्नाव्या वर्षी मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. जुनी. पुण्याच्या एका डॉक्टरांनी हौसेनं आणलेली आणि पाठदुखीमुळे विकायला काढलेली. विकण्याचं कारण त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि मी वहीत ‘विक्रेता प्रामाणिक’ अशी नोंद केली. त्यातून आणखी काही शिकण्यासारखं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

गाडीला सुपरचार्जर आहे. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक दांडगा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात उत्पादन बघतो. पट्टे आणि पुल्या बघण्यातच माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे हे यंत्र मला न शिकताच कळतं अशी माझी खात्री होती.

बायको शाळेत गणित शिकवते. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत वाकून पाहिलं, वाकल्यावर कमरेला हात लावला, आणि तिथंच अट घातली.

“मला एकदा अकलूजला नेऊन परत आणा. कंबर जागेवर राहिली तर गाडी ठेवा. नाही राहिली तर विका.”

अकलूजला तिची बहीण असते. बायकोच्या मणक्याची कुरबुर दोन वर्षांपासून चालू आहे. तरी अट मला फारच सोपी वाटली. मी ती वहीत लिहिली आणि खाली तिची सही घेतली.

मला यादीशिवाय सुचत नाही. घरात किराण्याची यादी आहे, प्रवासाची आहे, कुठली यादी कुठल्या वहीत आहे याचीही आहे. गाडीत काय काय सुधारायचं, ती यादी आठवडाभरात चौदा कलमांवर गेली. प्रत्येक कलमाला दहापैकी गुण, रकाने चार: ताकद, आवाज, टिकाऊपणा, दिसणं. सुपरचार्जरची पुली लहान करणं पहिलं आलं. मग कडक स्प्रिंगा, ज्यांनी गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते. मग जाड आवाजाचा सायलेन्सर. त्यातला सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मी आरटीओच्या भीतीनं खोडला आणि मधला घेतला. आत जाणारी हवा गार करणारा मोठा रेडिएटर नवव्या क्रमांकावर गेला, कारण तो बंपरच्या मागे बसतो आणि कुणाला दिसत नाही. ‘दिसणं’मध्ये त्याला शून्य मिळालं. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता. हे आज सुचतंय. तेव्हा तक्ता फार नेटका दिसत होता.

वही घेऊन मी अक्कलकोट रोडच्या गॅरेजात गेलो. तिथले मेस्त्री साठीचे आहेत. घरी तेलुगू बोलतात. गॅरेज काढण्याआधी ते आमच्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग नीट करून देणारे. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि यादी वरून खाली, मग खालून वर वाचली. म्हणाले, नववं आधी करा. पुली लहान केली की पंखा जोरात फिरतो, हवा तापते. तापलेली हवा इंजिनाला सोसत नाही, मग गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच ताकद कापतो. आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच. आणि स्प्रिंगांना हात लावू नका, म्हणाले, आपले रस्ते बघा.

मी त्यांना गुणांचा रकाना दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

“सायेब, तवा बी यादीच केलती तुमी.”

‘तवा’ म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी. मी नवा सुपरवायझर होतो आणि उत्पादन वाढवण्याच्या उपायांची यादी केली होती. पहिला उपाय: मागाच्या पुल्या लहान करणे. याच मेस्त्रींनी तेव्हाही नको म्हटलं होतं. माग जोरात पळायला लागले आणि ताण्याची, म्हणजे उभी, सुतं तुटायला लागली. सूत तुटलं की माग थांबतो. आठवडाभर सगळे माग पळण्यापेक्षा उभेच जास्त राहिले. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका मी दिसलो की आपसात तेलुगूत काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. मला तेलुगू येत नाही, पण अर्थ कळायचा.

मी म्हणालो, ते सूत होतं, हे लोखंड आहे. मेस्त्रींनी वही मला परत दिली. कामाला लागले.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या रविवारी सकाळी होटगी रोडला गाडीनं जी उडी घेतली, तिनं मी पंचवीस वर्षांचा झालो. थंड हवा, रिकामा रस्ता, मागे तो जाड आवाज. घरी येऊन मी वहीत ‘उत्तम’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मार्चमध्ये अकलूजला भाचीचं डोहाळजेवण ठरलं. बायकोनं ओटीचं सामान एका पिशवीत भरलं. दोन सीटच्या गाडीत सामानाला जागा नाही, म्हणून पिशवी तिच्या मांडीवर. निघायला दहा वाजले. मोहोळपर्यंत ती दोनदा काहीतरी बोलली. सायलेन्सरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, म्हणून मी दोन्ही वेळा मान डोलावली. नंतर ती बोलली नाही. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा आधी स्प्रिंगांना कळत होता आणि लगेच आम्हाला. ऊन चढलं. टेंभुर्णीच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पायाखालची ताकद कुणीतरी काढून घेतल्यासारखी गेली. गाडी चालत होती, पण चढावर मोपेडसारखी.

टेंभुर्णीला चहाला थांबलो. बायकोला गाडीतून बाहेर यायला वेळ लागला. उभी राहिल्यावर ती दाराला धरून तशीच थांबली. मी तिला कॉम्प्युटर आणि तापलेल्या हवेबद्दल सांगायला लागलो. तिनं चहा संपवला. समोर अकलूजला जाणारी एसटी लागली होती.

“पिशवी गाडीतच राहू दे,” ती म्हणाली. “मी एसटीनं जाते. तुम्ही या सावकाश.”

दोन सुपरचार्जर आणून बसवले असते तरी ते ‘सावकाश’ मला मागे टाकता आलं नसतं. मी एसटीच्या मागून निघालो. पुढे उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन. एसटी त्यांना कापून गेली. माझ्या गाडीत तेवढा दम उरला नव्हता. एसटीच्या मागच्या काचेतून एक आजी माझ्याकडे बघत होत्या, एसटी दिसेनाशी होईपर्यंत.

मी पोचलो तेव्हा भाची पाटावर बसलेली होती आणि घरभर बायका वाट बघत होत्या. माझी नव्हे, पिशवीची. ओटी त्यातल्या खण-नारळावाचून अडली होती. मेव्हणी म्हणाली, “भावजी, गाडी लई जोरात पळती म्हणं तुमची.” सगळ्या हसल्या. या वेळी भाषा मराठीच होती.

बायको परत आली ती मेव्हणीच्या दिरांच्या जीपमधून.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो. यादी नेली नाही. पुली परत मोठी करा, स्प्रिंगा जुन्या, सायलेन्सर जुना, असं तोंडीच सांगितलं. मेस्त्रींनी कपाटातून एक गाठोडं काढलं. आमच्याच कारखान्याच्या नाकारलेल्या टॉवेलात तिन्ही वस्तू तेल लावून बांधलेल्या होत्या. तेव्हाच्या मागांच्या पुल्याही त्यांनी अशाच ठेवल्या होत्या, हे मला त्या क्षणी आठवलं. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, “नववं करायचं का आता?” म्हटलं, करा. शिवाय शेजारच्या सीटला कमरेपाशी चांगली गादी बसवा. ते कलम यादीत कधी नव्हतंच.

पण अट ‘एकदा’ची होती आणि त्यावर सही होती. मी वही बायकोपुढे ठेवली आणि विकायची जाहिरात कशी लिहू, असं विचारलं. खरोखरच विचारलं; मला हरल्याचं कळतं. तिनं पेपर तपासताना वाचतात तशी अट वाचली.

“फेरी पूर्ण कुठं झाली? मी टेंभुर्णीला उतरले. तिथून पुढचं बाकी आहे.”

शाळेला सुट्टी लागल्यावर ती एका सकाळी एसटीनं टेंभुर्णीला आली. मी आधीच जाऊन थांबलो होतो. मी गाडी पुसलीही नव्हती, एवढा घाबरलो होतो. ती बसली. गादी दाबून पाहिली. अकलूजपर्यंत तिनं बहिणीच्या सुनेबद्दल बरंच सांगितलं आणि मला ते सगळं ऐकू आलं. गाडी कधी अडली नाही, कधी उडालीही नाही. इंजिनात जाणारी हवा गार राहिली, दिवा लागला नाही.

परतीच्या वाटेवर मोहोळ गेलं तेव्हा बोलणं थांबलं होतं. मी बाजूला पाहिलं. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं, पिशवी पायाशी. मी वेग साठावर आणला. मागून एसटी आली, हॉर्न न देता पुढे गेली. मी जाऊ दिली.

नाक्यावरच्या गतिरोधकाला तिचे डोळे उघडले. तिनं बाहेर पाहिलं, मग घड्याळात.

“आलं पण सोलापूर?”

घरी उतरताना तिनं दाराला धरलं नाही. मी तिच्या कमरेकडे बघत होतो, हे तिला कळलं असावं. आत जाता जाता म्हणाली, वहीतली ती अट खोडून टाका. मी खोडली. आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्या पानावर पुढच्या कलमाचा क्रमांक घातला नाही.