आमच्या घरची नागीण

नवऱ्याला नागीण झाली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सीमाभागातल्या वडगावातलं आमचं विणकराचं घर. मागावर उभा राहिला की त्याच्या कमरेत आग उठायची. सासूबाईंनी लगेच लाल काव कालवली आणि फोडांच्या दोन्ही टोकांना जाड रेघ ओढली. नागिणीचं तोंड शेपटाला भेटलं की माणूस संपला, अशी त्यांची खात्री. रोज त्या रेघ ओढायच्या आणि रोज फोड ती ओलांडायचे. शेवटी निम्मी कंबर लाल झाली.

डॉक्टरांनी आधी ती धुवायला लावली. "फोड कुठले आणि चित्र कुठलं, कळू दे तरी," म्हणाले. मग मात्र त्यांचं हसू मावळलं. कांजिण्या होऊन गेलेल्या कुणालाही पुढं नागीण होऊ शकते. पण तिशीच्या आत एवढी पसरली तर एचआयव्ही आहे का ते तपासून घ्यावं, असं त्यांनी नीट समजावलं.

त्याला एचआयव्ही निघाला, मला नाही. कुठून आला यावरून मी घर डोक्यावर घेतलं. ते भांडण आमचं, इथं सांगणार नाही. पण रडू यायचं ते वेगळ्याच गोष्टीनं. मला मूल हवं होतं.

"नागिणीनं वेळेत सांगितलंय. गोळ्या चुकवू नका, मग बघू," डॉक्टर म्हणाले. ते काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. न्याहारीला तो बसला की ताट हातात धरून त्या समोर उभ्या. "आदी गोळी, मग भाकरी!"

रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तसाच टिकला, तेव्हा डॉक्टरांनीच हिरवा कंदील दाखवला. लेक झाली, ठणठणीत. माझीही तपासणी स्वच्छ. मी इतकी मोठ्यानं हसले की शेजारच्या खाटेवरची बाई कन्नडमधून दटावायला लागली. तिच्या तोंडात मी पेढ्याऐवजी आणलेला कुंदा कोंबला.

यंदा नागपंचमीला सकाळी सासूबाईंनी भिंतीवर कावेनं नाग काढला. शेपूट तोंडापासून चांगलं लांब, नेहमीसारखं. त्या हात धुवायला वळल्या आणि लेकीनं काव बोटावर घेऊन तोंड आणि शेपूट जोडून टाकलं. मी ओलं फडकं उचललं.

"पुसू का, आत्या?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग न्याहारी करत बसलेल्या लेकाकडं.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "गोळी गिळलीया त्यानं."