छापील वेळ न मानणारे आबा

कोणतीही निमंत्रणपत्रिका हातात आली की आबा आधी तिच्यावरची वेळ खोडत आणि शेजारी पेन्सिलने स्वतःची लिहीत. ‘सकाळी ठीक दहा वाजता’ यातला ‘ठीक’ त्यांना विशेष संशयास्पद वाटे. “नुसतं दहा असतं तर साडेअकरा धरलं असतं,” ते म्हणत. “ठीक लिवलंय म्हंजे बारा.”

बिरवाडीत आबांच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. मी महाडच्या कॉलेजात शिकवायचो, आबा औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. आता निवृत्त होऊन पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आपल्या वाडीत राहतात. फोन क्वचित लागतो. सातवीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण महाड-पोलादपुरातल्या कॉलेजांचा कबड्डीचा एकही सामना त्यांनी सोडला नाही. एकटे मात्र कधी गेले नाहीत. “एकट्यानं बघितला तर येताना भांडायचं कोणाशी?”

म्हणून सामन्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर बैठका भरत. गल्लीतले सात-आठ जण, त्यांत तिघांच्या कारखान्यातल्या तीन वेगळ्या पाळ्या. कोणी कोणाशी पाळी बदलायची, कोणाच्या मोटरसायकलवर कोण बसणार, वळणावर मळमळतं म्हणून मिनिडोर रिक्षात पुढची जागा कोणाला, हे सगळं आबा ठरवत. मी बऱ्याच समित्यांवर बसलो आहे. त्यांतली एकही त्या ओट्याइतकी कामाची नव्हती.

निघायची वेळ पाहुण्यांवर ठरे. “पाहुणा शिक्षक असंल तर अर्धा तास उशीर. पुढारी असंल तर दीड तास. दोन पुढारी असतील तर जेवून निघायचं, कारण दुसरा आल्याशिवाय पयला येत नाय.” आणि खरोखरच, गळ्यातले हार उतरवून टेबलावर ठेवले जात असताना आम्ही मैदानावर पोचत असू. एकाही भाषणाचा एक शब्द आमच्या कानी पडत नसे. पाच वर्षांत हा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

सहाव्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या सहदेवचा प्रश्न आला. सहदेव आबांच्याच वाडीचा, त्यांच्याच कारखान्यात. त्याची मुलगी कविता आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या संघातली सगळ्यात चांगली चढाई करणारी. तिची जिल्ह्याच्या शिबिरासाठी निवड झाली. अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि सहदेव सही करत नव्हता. “हातपाय मोडून बसली तर? आन् गावाकडं लोक काय बोलतील?” लेकीचा खेळ त्याने एकदाही पाहिला नव्हता. कविता रडली. मी खेळाच्या महत्त्वावर बोललो, ते त्याने माझा मान राखून ऐकलं आणि सोडून दिलं.

आबा एवढंच म्हणाले, “नको करू सही. पण एक सामना बघ, मग नाय म्हण. न बघता नाय म्हणायला काय लागतं?”

सहदेव कबूल झाला. रविवारी पोलादपूरच्या कॉलेजात कविताच्या संघाचा अंतिम सामना होता आणि सोमवारी अर्ज द्यायचा होता.

सहदेवची तिसरी, रात्रीची पाळी चालू होती. सकाळी साडेसातला घरी आल्या आल्या तो म्हणाला, “आबा, मी तसाच येतो. नऊला निघूया.” आबांनी पत्रिका पाहिली. दोन पुढारी. “झोप जरा. तांबड्या डोळ्यांनी बघणार काय पोरीला? अकराला निघू.”

पावणेबाराला आम्ही मैदानावर पोचलो, तर शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. दोन्ही पाहुण्यांनी सकाळीच येणार नसल्याचं कळवलं होतं आणि प्राचार्यांनी ठीक दहाला खेळ सुरू केला होता. अंतिम सामना संपला होता. आमचं कॉलेज दोन गुणांनी हरलं होतं. बक्षिसांसाठी फोन करून तिसरा पुढारी मिळवला होता, तो वाटेत होता, आणि त्याची वाट बघत मुली मांडवात बसल्या होत्या.

कविताने बापाला पाहिलं आणि मान फिरवली. “यायचं नव्हतं तर तसं सांगायचं ना, पप्पा.”

आबा पुढे झाले. “त्याला बोलू नको गो. तो नऊलाच निघत होता. मी झोपवला त्याला. चूक माझी हाय.”

सगळ्या मांडवासमोर म्हणाले. माझी सगळी नोकरी अशा ठिकाणी झाली, जिथे चुका आपोआप होतात, कोणी करत नाही. कोणीतरी केलेली चूक मी त्या मांडवात पहिल्यांदा पाहिली.

मग ते यजमान कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांसमोर हात जोडून उभे राहिले. “सर, साहेब येईपर्यंत पोरी नुसत्याच बसल्यात. धा मिनटं खेळतील काय?” सरांनी नियम सांगितला, मुली दमल्याचं सांगितलं. तेवढ्यात जिंकलेल्या संघाची कर्णधार बुटांची नाडी आवळत म्हणाली, “खेळतो की सर. परत हरवू.”

“हरवून दाखव,” आमच्या बाजूने कोणीतरी म्हणालं. नियम तिथेच संपला.

पहिल्या चढाईत कविताने दोघींना बाद केलं. दुसरीत पकडली गेली. पाच जणी अंगावर कोसळल्या, आणि सहदेव ताडकन उभा राहिला. ढिगाखालून तिचा हात मध्यरेषेकडे सरकत होता. शिट्टी झाली, ती उठली, कोपर पुसलं आणि हसली. सहदेव मग खाली बसलाच नाही. “त्या उंच पोरीच्या पायाकडं बघ म्हणावं तिला,” तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

खेळ थांबल्यावर तो माझ्याकडे वळला. “सर, पेन हाय काय?”

कविताने पिशवीतून काढलेला अर्ज मोटरसायकलच्या सीटवर ठेवून त्याने सही केली. कविता शेजारी उभी राहून प्रत्येक अक्षर बघत होती.

परतताना हायवेवर चहाला थांबलो. वाद पेटलाच होता. कविताची बोटं रेषेला लागली होती की नव्हती? नेहमीप्रमाणे निकाल आबांकडे गेला.

आबांनी बशीत चहा ओतला. “मी नाय बघितलं.”

“आवो, तुमी रेषेवरच तर हुबे होतात.”

“होतो,” आबा म्हणाले. “सहदेवकडं बघत होतो.”