रशीदभाई उंबऱ्यातच बसायचे

“दार लावाचं असन तर माह्या मांडीवरून लावा!” रशीदभाई ओरडत होते, आणि तो आवाज पार पलीकडच्या किन्हीराजा गावापर्यंत गेला. तिकडचे बैल नांगर सोडून थबकले म्हणतात. आमच्या गावच्या नगरपंचायतीच्या उंबऱ्यात हा शिंपी मांडी घालून बसलेला. आत वाचनालय समितीवर कोणाला घ्यायचं ते ठरत होतं. म्हणजे नावं अध्यक्षांच्या खिशात ठरूनच आली होती. “भाई, उंबऱ्यावर बसू नये, घरात दळिद्र येते,” शिपाई काकुळतीनं म्हणाला. “मंग आत काय लक्ष्मी नाचून राह्यली?”

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला... एवढ्या आवाजाचा माणूस, गेला मात्र झोपेत. उभ्या जन्मात तेवढी एकच गोष्ट त्यांनी गुपचूप केली.

तर त्या दिवशी दार उघडंच राहिलं आणि अध्यक्षांना यादी मोठ्यानं वाचावी लागली. तिसरं नाव माझं. चाळीस वर्षांची दोस्ती, माझ्या लग्नाचा सदराही त्यांनीच शिवलेला. मी छाती फुगवली. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला, “याच्या घरी वाचनालयाचे सतरा पुस्तकं अडकून हायेत. विचारा त्याले.” साफ खोटं. सोळा होती.

नाव कटलं. मी शंभर वर्षं त्यांच्याशी बोललो नाही; बायको म्हणते, सहा आठवडे. शेवटी पुस्तकांचं पोतं सायकलवर टाकून निघालो, तर हा माणूस शिवणयंत्र सोडून मागून पोतं धरायला हजर. “आता अर्ज कर. सूचक म्हनून मी सही करतो.”

“अन् तवा काहून बोलले?”

“तू माहा दोस्त होता म्हनून. दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर लोकं म्हनले असते, भाईनं दुश्मनी काढली.”

पुढे इच्छुकांची नावं आठ दिवस आधी फलकावर लागू लागली. रशीदभाईही समितीत आले, रीतसर अर्ज करून.

परवा नगरपंचायतीत शोकसभा झाली. अध्यक्ष गहिवरले, म्हणाले, भाईंची रिकामी जागा त्यांच्या मुलीला, शबानाला, आत्ताच देऊन टाकू. ती शाळेत शिकवते, तिच्याइतकं वाचणारं गावात कोणी नाही. सगळ्यांचे हात वर गेले. मी तर दोन्ही वर केले... डोळे पुसायलाही एक उरला नाही. शबाना दाराजवळच्या फलकाकडे बघत होती.

“हो म्हन, बेटा,” मी म्हणालो. “भाईचीच जागा हाय.”

“काका, नोटीस लागली नाही अजून,” ती म्हणाली.