न्यायाधीश पुढच्या पानावर होता

अमेरिकेतल्या श्रूजबरीत, औषधांच्या दुकानात आमच्या चैत्राली उजागरे काकू काउंटरवर आठ तास उभ्या असतात. घरी आल्या की लॅपटॉप उघडून चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी प्रवचनं वाचतात. काम एका युनिव्हर्सिटीचं, बिनपगारी. तेव्हाचे पाद्री बायबलमधल्या गोष्टीकडे नुसता इशारा करून पुढे जायचे. असा इशारा दिसला की खूण करायची. ‘डिग्रीची अट नाही’ असं वाचून काकूंनी नाव दिलं.

अट होती. लिहिलेली नव्हती, एवढंच.

एका पानावर पाद्री म्हणतो, त्या विधवेने उंबरा झिजवला तसा तुम्हीही झिजवा. काकूंनी खूण केली: अन्यायी न्यायाधीशाकडे रोज दाद मागणारी विधवा, बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय अठरा. लहानपणी नगरच्या संडेस्कूलचं सुवर्णवचन, म्हणजे त्या आठवड्याची बायबलमधली ओळ, पाठ म्हणून दाखवल्याशिवाय वडील त्यांना जेवायला बसू देत नसत. त्या काय चुकणार?

खुणा तपासणाऱ्या प्रोफेसरांनी ती पुसली. ‘शब्द जुळत नाहीत. विधवा प्रत्येक गावात असतात.’ तीन खुणा पुसल्या गेल्या की माणूस बाद. ही तिसरी.

“मम्मा, लेट इट गो,” लेक अनिका म्हणाली.

“चुकले असते तर सोडलं असतं.”

एक पान एकाला, पुढचं दुसऱ्याला, अशी तिथली पद्धत. काकूंनी प्रोफेसरांकडे पुढचं पान मागितलं. नियमात बसत नाही म्हणे. काकूंनी फोनवर हे सांगितलं तशी मी तापले. “काकू, बोर्ड घेऊन गेटवर उभ्या राहू!”

“तुझा मोर्चा ठेव बाजूला. मला पान पाहिजे.”

रोज सकाळी कामावर निघण्याआधी एक ईमेल. चौदाव्या दिवशी उत्तर आलं: ‘मी हैराण झालोय. हे घ्या पान, आणि कृपा करून थांबा.’

पानाच्या पहिल्याच ओळीत न्यायाधीश! देवाला न भिणारा, माणसाला न जुमानणारा. नेपरव्हिलच्या एका गृहस्थांनी तिथे खूण केलेली, तीच गोष्ट, तोच अध्याय. ती मान्य. त्यांच्या नावापुढे पीएचडी होती ना! आणि दोन्ही पानं तपासणारे प्रोफेसर एकच.

काकूंनी दोन्ही पानं शेजारी लावून पाठवली. खूण परत आली. सॉरी आलं नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन. हसू आवरत नव्हतं. “त्या न्यायाधीशानेही असाच कंटाळून न्याय दिला होता गं. पटलं म्हणून नव्हे.”

“मग, आता थांबणार?”

“थांबते कशाला? आधी पुसलेल्या दोन खुणा आहेत की. उद्या सकाळी ईमेल करते.”